बसच्या खिडकीवर जाहिरात चिकटवायची की नाही?

तापीकाठचा
परवा रात्री धुळ्याहून जळगावला येत होतो. गाडी कोणाची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका गाडीचा नाही. बाहेरून बघितलं तर पत्रा, दार, खिडक्या, मागची काच, सगळ्यावर मिळून सिमेंटची एकच जाहिरात. आत बसलो तर खिडकीला बारीक भोकांचा काळा कागद. दिवसा त्यातून दिसतं म्हणे. पारोळा सोडलं, आतले दिवे लागले आणि बाहेरचं दिसायचं बंद झालं.

शेजारी एक म्हातारी आजी होती. तिला एरंडोलच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचं होतं. दर थोड्या वेळाने विचारायची, "भाऊ, कोनतं गाव उनं?" मला तरी काय दिसतंय? शेवटी कंडक्टरने पुढच्या काचेतून बघून हाक मारली तेव्हा ती उतरली.

जाहिरातीला माझा विरोध नाही. नुसत्या तिकिटावर सार्वजनिक बस चालत नाही हे कळतं. पण पत्रा विकला म्हणून खिडकीही विकायची का? तुमच्याकडे काय अनुभव आहे?

एमएच१९
पहिला! ज्या खिडकीतून आपण आधी रुमाल टाकतो, मग पिशवी, मग पोरगं, तीच झाकली? रिझर्वेशनची खिडकी बंद केल्यासारखं झालं हे.

भरीतभाकर
बठ्ठ्या खिडक्या झाकी टाक्यात तं वारा कथाईन येई भो?

साक्रीवाली
मी थोडं वेगळं सांगते. मला ही फिल्म आवडते. कॉलेजला असताना स्टँडवर गाडी सुटायची वाट बघत बसलं की खाली टवाळ पोरं खिडकीत डोळे लावून उभी असायची. फिल्म लावलेल्या गाडीत दिवसा बाहेरच्याला आत काहीच दिसत नाही. ऊनही थोडं कमी लागतं. सरसकट वाईट म्हणू नका.

विनाइलवाला
जळगावात याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर.

तापीकाठचे ज्याला काळा कागद म्हणताय त्याला आम्ही वन वे व्हिजन म्हणतो. विनाइलला, म्हणजे मागे गोंद असलेल्या प्लास्टिकच्या कागदाला, दीड मिलिमीटरच्या आसपास भोकं पाडलेली असतात. बाहेरची बाजू पांढरी, तिच्यावर छपाई. गोंदाची बाजू काळी. साठ-चाळीस, पन्नास-पन्नास असा माल येतो, म्हणजे साठ टक्के झाकलेलं, चाळीस टक्के भोकं. जिकडे उजेड जास्त तिकडचं डोळ्याला दिसतं. दिवसा बाहेर ऊन, म्हणून रस्त्यावरच्याला चित्र दिसतं आणि आतल्याला रस्ता. रात्री आत ट्यूब लागली की सगळं उलटं. मालात खोट नाही, त्याचा गुणच तो आहे. आणि साक्रीवाली ताई, रात्री मग बाहेरच्याला आतलं दिसतं आणि आतल्याला बाहेरचं नाही, हे लक्षात घ्या.

पत्र्यावर लागतो तो माल वेगळा. त्यात दोन जाती. कॅलेंडर म्हणजे रोलरमधून दाबून, ओढून काढलेला, शंभर मायक्रॉनच्या आसपास जाड आणि स्वस्त. ओढून काढलेला असल्यामुळे तापला की पुन्हा आखडायला बघतो. कास्ट म्हणजे ओतून सुकवलेला. जाडी साधारण निम्मी, पण आखडत नाही, रिव्हेटवर (पत्रा जोडायच्या खिळ्यावर) आणि वळणावर अंगासरशी बसतो. बसला कास्टच लावला पाहिजे. प्रत्यक्षात पार्टी म्हणते, "तीन महिन्यांचं काम आहे, एवढा भारी माल कशाला?" मग मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याला हात लावता येत नाही, आणि महिनाभरात रिव्हेटभोवती फुगे आणि कडेचे कोपरे उचललेले. त्यात आपली काळी धूळ शिरली की पुन्हा चिकटत नाही.

एमएच१९
@विनाइलवाला, लावता कसं ते पण सांगा ना. मी मोबाईलच्या काचेवर गार्ड लावतो तरी सात फुगे राहतात.

विनाइलवाला
आधी गाडी साबणाने धुवायची, सुकली की स्पिरिटने पुसायची. चाकाच्या कमानीपाशी आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणाभोवती हमखास तेलकट हात लागलेला असतो, तिथे दोनदा पुसायचं. मग पट्टी टेकवायची आणि स्क्वीजीने मधून कडेला हवा काढत न्यायची. गाडीच्या तोंडाकडची पट्टी मागच्या पट्टीवर सेंटिमीटरभर चढली पाहिजे. उलटं केलं तर गाडी पळताना वारा जोडात शिरतो. रिव्हेट आला की टाचणीने टोचायचं, हीट गन फिरवायची आणि कडक ब्रशने गोल गोल दाबायचं. एका बाजूला रिव्हेट किती असतात ते मोजायला जाऊ नका, कंटाळा येईल.

उन्हाळ्यात हे काम दुपारी होतच नाही. तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकल्या टेकल्या धरतो, सरकवायला वाव राहत नाही. आम्ही रात्री शेडमध्ये करतो. थंडीत उलट, पहाटे पत्रा गार असतो आणि गोंद धरतच नाही.

रुळावरून
भुसावळकरांची हजेरी. रेल्वेने २०१७ मध्ये तिकिटाशिवायच्या उत्पन्नाचं धोरण आणलं, तेव्हापासून डबेच काय, इंजिनंसुद्धा जाहिरातीत गुंडाळलेली दिसतात. आमच्याकडे लोको शेड असल्यामुळे इंजिन बघायला येणारी पोरं भरपूर. त्यांचं दुःख वेगळंच, त्यांना मूळ रंगाचा फोटो हवा असतो आणि समोर येतो चहाचा कप.

कंडक्टरतात्या
नोकरी एसटीत झाली, आता निवृत्त. दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एक. आपल्या साध्या गाडीची काच सरकती असते. फाल्गुन संपला की खान्देशात एकही प्रवासी काच लावून बसत नाही. उघडली की एक काच दुसऱ्यामागे जाते. काचेवर बाईचा चेहरा छापला असेल तर ती लगेच काणी होते. दोन खिडक्या उघडल्या तर नाकच जातं. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याची जाहिरातही दिसत नाही आणि प्रवाशाला खिडकीही धड मिळत नाही. वर ती फिल्म काच सरकवताना खाचेत घासते, कडेने सुटते, गोळा होऊन खाचेत अडकते आणि काच मध्येच थांबते. मग पावसाळ्यात तीच काच लागत नाही, आणि त्या सीटवर बसणारा माणूस भिजत कंडक्टरला शिव्या देतो. शिव्या कायम कंडक्टरलाच.

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची. संकटकालीन मार्ग. मागची काच आणि ठरावीक खिडक्या या बाहेर पडायच्या वाटा आहेत. त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, आत हातोडी असते. वरून चित्र चिकटवलं की बाहेरच्या माणसाला कळत नाही कुठली काच फोडायची. आणि फिल्म लावलेली काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात, पटकन भोक पडत नाही. हे अपघातात बघू नये कोणी.

साक्रीवाली
तात्या, हे डोक्यात आलं नव्हतं. पण बायकांच्या बाजूने माझा मुद्दा उरतोच.

खानदेशकन्या
@साक्रीवाली, मी उलट बाजूने. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये झालेल्या अत्याचारानंतर बसच्या काळ्या काचा आणि पडदे यांच्यावरच बोट ठेवलं गेलं होतं. रात्रीच्या गाडीत पाच-सहा प्रवासी उरतात तेव्हा मला बाहेरून दिसलेलंच बरं वाटतं. टवाळांचा बंदोबस्त स्टँडवरच्या पोलीस चौकीने करायचा, खिडकी झाकून कशाला?

साक्रीवाली
चौकी असेल तर.

वकीलसाहेब
कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १००: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही पारदर्शकता काच तयार होतानाच असली पाहिजे, वरून कसलीच फिल्म लावायची नाही, ती कितीही पारदर्शक असली तरी. पुढे नियमात बदल झाले, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेतल्या फिल्मला हरकत नाही असं म्हटलं. पण मर्यादा तीच, ७० आणि ५०.

आता विनाइलवाल्यांचा आकडा घ्या. साठ टक्के झाकलेलं म्हणजे जास्तीत जास्त चाळीस टक्के उजेड. पन्नास-पन्नासचा माल घेतला तरी काच स्वतः थोडा उजेड अडवते, म्हणजे पन्नासच्या खालीच. मागच्या काचेचं तर बोलायलाच नको. गाडीवर जाहिरात करायला आरटीओची परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं, हे सगळं खरं. पण जाहिरातीची परवानगी म्हणजे काच झाकायची परवानगी नव्हे.

एमएच१९
आमच्या मित्राच्या कारची फिल्म चौकात उभं करून सोलून काढली होती. शेजारून अख्खी गुंडाळलेली बस गेली. साहेबांनी तिला वाट करून दिली.

हिशेबनीस
सगळे खिडकीवर तुटून पडलेत, पैशाचं कोणीच बोलत नाही. गाडी साधारण ११ मीटर लांब. खालच्या कडेपासून छतापर्यंत अडीच मीटर धरा. दोन बाजू आणि पाठ मिळून साठेक चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फूट. हायवेला एवढं होर्डिंग उभं करायचं तर जागेचं भाडं, लोखंड, परवानगी, आणि ते हलत नाही. बस धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव फिरते, दिवसातून चार वेळा, प्रत्येक स्टँडवर उभी राहते. जाहिरातदाराला सोनं आहे हे.

दुसरीकडे ज्येष्ठांना सवलत, २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. सवलतीचे पैसे सरकारकडून येतात, पण कधी येतात ते विचारू नका. डिझेल रोज लागतं. अशा वेळी पत्रा मोकळा ठेवणं म्हणजे घरचं शेत पडीक टाकण्यासारखं आहे. त्यात खिडकीचा पट्टा वगळला तर क्षेत्र पाव ते तिसरा हिस्सा कमी होतं आणि जाहिरातदार त्याच हिशेबात पैसे कापतो. ते सोडायची तयारी आहे का?

तापीकाठचा
@हिशेबनीस, तात्यांनी सांगितलं ते वाचलं का? साध्या गाडीत तो पट्टा उन्हाळाभर उघडा असतो. न दिसणाऱ्या जागेचे पैसे जाहिरातदाराने तरी का द्यावेत?

हिशेबनीस
वाचलं. एसी गाडीचं काय? तिच्या काचा उघडतच नाहीत, चित्र अखंड राहतं.

उधनारिटर्न
सुरतेत निम्मा उधना-लिंबायत आपलाच, त्यामुळे मला दोन्हीकडचा अनुभव. शहरातली बस दहा-पंधरा मिनिटांची, लोक उभे असतात, खिडकी झाकली काय, उघडी काय. नवापूर ओलांडून गावाकडे यायला लागलं की चार-पाच तास त्याच काचेकडे बघायचं. शहराचा नियम लांब पल्ल्याला लावू नये.

मिरचीवाला
नंदुरबारकडून एक. धडगाव, अक्कलकुव्याकडे बरेच म्हातारे लोक पाटी वाचत नाहीत. ते गाडी रंगावरून ओळखतात. घाटाच्या वळणावर लाल काहीतरी दिसलं की हात वर. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही एसटीचीच योजना. एकदा मोलगीच्या रस्त्यावर पूर्ण निळी-पांढरी गुंडाळलेली गाडी आली. फाट्यावर चार माणसं, दोन कोंबड्या आणि एक पोतं. कोणी हात केला नाही, ड्रायव्हरने थांबवली नाही. लग्नाची खासगी गाडी असेल असं त्यांना वाटलं. पुढची गाडी संध्याकाळी.

खिडकी महत्त्वाची आहेच, पण निदान तोंड तरी लाल ठेवा की राव.

कंडक्टरतात्या
@मिरचीवाला, लाख बोललात. समोरून येणारी गाडी ओळखायला पुढचा भागच लागतो. तो आणि डावी बाजू, दाराकडची.

भरीतभाकर
कोंबड्यांचं तिकीट फाडलं का नंतर?

मिरचीवाला
संध्याकाळच्या गाडीत फाडलं असेल. एक कोंबडी कमी होती म्हणे.

पेंटर_अमळनेरकर
मी पंचवीस वर्षं भिंती आणि बोर्ड रंगवले. बियाणं, पाईप, सिमेंट, गाव तिथे भिंत. विनाइल आलं, आमचा ब्रश गेला, त्यावर आता रडत नाही. पण एक सांगतो. भिंतीवर जाहिरात रंगवायच्या आधी आम्ही घरमालकाला विचारायचो, आणि खिडकी-दार सोडून रंगवायचो. पुसट झाली की वरून चुना मारला, संपलं. हे सोललेलं विनाइल कुठे जातं?

विनाइलवाला
काका, खरं सांगू? कचऱ्यात. फ्लेक्स निदान गावात मक्यावर, कडब्यावर झाकायला नेतात. विनाइलला मागे गोंद, कशावरही टाका, तिथेच चिकटतं. कोणी फुकट नेत नाही. पीव्हीसी आहे, जाळलं तर आम्लाचा धूर निघतो, म्हणून जाळूही नये.

सोलायचं कामही सोपं नाही. मुदतीत काढलं तर हीट गनने गरम करून अख्खी पट्टी येते. दोन उन्हाळे काढले की नखाएवढे तुकडे निघतात आणि गोंद पत्र्यावर राहतो. मग थिनर, मग मूळ रंगही थोडा जातो. करारात काढायचा खर्च कोणाचा ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

कंडक्टरतात्या
त्यात पूर्वी बॉडी ॲल्युमिनियमची होती, आता एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची. उचललेल्या कोपऱ्यातून पाणी आत गेलं की वरून चित्र छान आणि खाली गंज. वर्कशॉपला कळतं तेव्हा पत्रा बदलायची वेळ आलेली असते.

एमएच१९
अवांतर: निवडणुकीची आचारसंहिता लागली की योजनांच्या जाहिराती झाकायला वरून कागद चिकटवतात. म्हणजे पत्र्यावर रंग, रंगावर विनाइल, विनाइलवर कागद. तीन थरांची गाडी, ॲव्हरेज काय देत असेल?

हिशेबनीस
विनाइलचं वजन फार तर पंधरा-वीस किलो होईल. ॲव्हरेज नाही पडत त्याने. एका केळीच्या घडाएवढं वजन.

भरीतभाकर
रावेरचा घड असेल तर जास्तच.

लेवा_रावेर
रावेरचं नाव निघालं म्हणून आलो. घड नंतर बोलू. आमच्याकडे शाळेच्या वेळेच्या गाडीवर 'केसरयुक्त' वेलचीची जाहिरात असते. डबी तीच, अक्षर तेच, फक्त तंबाखू हा शब्द नाही. २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात बंद आहे, मग ही वेलची कोण खातंय? खिडकीइतकाच हा मुद्दा मोठा आहे.

खानदेशकन्या
+१. माझा भाचा सहावीत आहे, त्याला त्या डबीचं वाक्य पाठ आहे. पाढे नाहीत.

वकीलसाहेब
वेगळा धागा काढा, मी येतो. इथे घेतलं तर खिडकी राहून जाईल.

तापीकाठचा
राहतेय खरी. वेलचीचा धागा लेवा_रावेर यांनी काढावा, मीही लिहीन. इथलं वाचून विभाग नियंत्रकांना द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा केलाय:

"१. कोणत्याही खिडकीवर व मागील काचेवर जाहिरात लावू नये. २. संकटकालीन मार्गाच्या खुणा दिसत्या ठेवाव्यात. ३. गाडीचा पुढील भाग मूळ रंगात ठेवावा. ४. जाहिरात काढण्याचा व पत्रा पूर्ववत करण्याचा खर्च जाहिरातदाराकडून करारातच घ्यावा."

एसी गाड्यांना सूट द्यावी असं हिशेबनीस म्हणतील. मी देणार नाही. आजीला एसीतही फाटा दिसला पाहिजे.

हिशेबनीस
नका देऊ. पण "जाहिरात लावू नये" एवढंच लिहिलंत तर अर्ज फाईलला लागेल. पर्याय द्या. खिडकीखालचा पत्रा आणि खिडकीवरचा छतापर्यंतचा पट्टा, दोन्ही बाजू मिळून. लांबलचक पट्टी म्हणून ती चांगली विकली जाते, आणि काच सरकली तरी मोडत नाही.

साक्रीवाली
मी सही करते. त्यात पाचवं टाका, स्टँडवर रात्री चौकीत माणूस असावा.

खानदेशकन्या
त्याला दुमत नाही. टाकाच.

कंडक्टरतात्या
अर्जाची एक प्रत आगार व्यवस्थापकांना द्या आणि पोच घ्या, शिक्का मारलेली. आणि अशा गाडीत बसाल तेव्हा कंडक्टरकडे तक्रार पुस्तिका मागा. तो तोंड वाकडं करेल, मीही करायचो. पण गाडी नंबर घालून लिहिलेलं वर जातं.

विनाइलवाला
मसुद्यात एक बदल. "खिडकीपर्यंत" असं कुठे लिहू नका, लावणारा रबरावर चढवतो. "खिडकीच्या रबरापासून दोन इंच सोडून" लिहा. रबरावर चढवलेली कड पहिल्या पावसात सुटते आणि तिथूनच अख्खी पट्टी उलगडते.

तापीकाठचा
केलं. दोन इंच. सोमवारी धुळ्याला जातोय, ज्यांना सही करायची त्यांनी रविवारपर्यंत निरोप करा.